जात्यावरील ओवी, तिची कर्ती आणि तिचे ध्वनिमुद्रण : शिरूर-दौंड परिसराच्या निमित्ताने

लोकगीताचे ध्वनिमुद्रण हाती आले म्हणजे त्याच्या वेष्टनावर गायकाचे नाव असते, वादकांची नावे असतात, मुद्रण करणाऱ्या कंपनीचेही नाव असते. गीत कोणी रचले या रकान्यात मात्र पुष्कळदा एकच शब्द आढळतो : ‘पारंपरिक’. हा शब्द सोयीचा आहे आणि अनेक ठिकाणी तो यथार्थही असतो. परंतु ज्या गीताची रचना गाणारीच्या तोंडी, गाता गाताच होते, त्या गीताला तो लावला म्हणजे एका कर्त्या व्यक्तीला आपण नकळत नाहीशी करतो. जात्यावरील ओवी हे अशा गीताचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण होय. ओवी रचणारी आणि गाणारी या दोन व्यक्ती नसतात. आजच्या भाषेत जिला गायिका-गीतकार म्हणतात, ती व्यक्ती घराघरांतील जात्याशी पिढ्यान् पिढ्या बसत आली. ओवीच्या ध्वनिमुद्रणाने काय जतन होते, लेखी संग्रहातून काय निसटते, आणि या कामी अभ्यासकावर कोणती जबाबदारी येते, यांचा विचार प्रस्तुत लेखात शिरूर व दौंड या दोन तालुक्यांच्या आधाराने केला आहे.

१. प्रदेश आणि दळण

शिरूर तालुका भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या दरम्यान पसरला आहे. तालुक्याचे मुख्य गाव घोड नदीच्या काठी असल्यामुळे ते ‘घोडनदी’ या नावानेही ओळखले जाते. भीमेच्या पलीकडे दौंड तालुका लागतो. हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. कालव्यांचे पाणी आणि साखर कारखाने आज या भागात दिसत असले, तरी येथील जुने अन्न म्हणजे बाजरी आणि ज्वारी. मुळशी-मावळातील भाताच्या प्रदेशापासून हा भाग येथेच वेगळा पडतो.

बाजरीचा हा तपशील गीताच्या अभ्यासकाने गौण मानू नये. बाजरीच्या दाण्यात स्निग्धांश अधिक असतो. त्यामुळे तिचे पीठ फार दिवस टिकत नाही, थोड्याच दिवसांत कडू होते. अर्थात आठवड्याचे पीठ एकदम दळून ठेवण्याची सोय बाजरी खाणाऱ्या घरात नव्हती. रोज किंवा दिवसाआड, पहाटे कोंबडा आरवण्याच्या सुमारास, घरातील बाईला जात्याशी बसावेच लागे. खालची तळी स्थिर, वरची पाळी फिरती, पाळीला बसविलेला लाकडी खुंटा, आणि जात्याच्या मुखात मुठीमुठीने घालावयाची वैरण, एवढेच त्या कामाचे साहित्य. बहुधा दोघी समोरासमोर बसत : सासू आणि सून, जावाजावा, नणंद आणि भावजय, किंवा माहेरी आलेली लेक आणि तिची आई. काम कष्टाचे व एकसुरी. परंतु दिवसातील हाच एक वेळ असा की, घरातील पुरुष निजलेले असत आणि बाईच्या बोलण्यात कोणी आड येत नसे. ओवीतील मोकळेपणाचा उगम या वेळेत शोधला पाहिजे.

तेलावर चालणाऱ्या इंजिनाच्या गिरण्या आणि पुढे ग्रामीण विद्युतीकरणानंतरच्या विजेच्या गिरण्या गावोगाव आल्या, आणि ही पहाट बदलली. बाईचे कष्ट वाचले, ही गोष्ट निर्विवाद चांगली झाली. गीताचा प्रसंग मात्र त्याबरोबर गेला. लग्नाच्या आधी हळद दळण्यासाठी जाते मांडून पुजण्याची रीत अनेक घरांत अजून आहे, आणि त्या वेळी ओव्या कानी पडतात. परंतु रोजच्या दळणाची ओवी आज केवळ वयोवृद्ध स्त्रियांच्या स्मरणात उरली आहे.

२. ओवीची घडण आणि कर्तृत्व

ओवीचे प्राचीनत्व सर्वश्रुत आहे. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख येतो. ‘ज्ञानेश्वरी’ची ग्रांथिक ओवी शके १२१२ मधील, म्हणजे या उल्लेखानंतर दीडशे वर्षांहून अधिक काळाने आलेली. स्त्रियांची ओवी ही ग्रंथाच्या ओवीची मोडकी नक्कल नव्हे, एवढे तरी यावरून स्पष्ट व्हावे.

जात्यावरील ओवी सामान्यतः दोन ओळींची असते. पहिल्या ओळीत एखादे चित्र, स्थळ किंवा प्रसंग मांडला जातो. दुसऱ्या ओळीत त्याला नात्याची किंवा भावनेची कलाटणी मिळते. गाताना ओळ जशीच्या तशी एकदाच म्हटली जात नाही. तिचा अर्धा भाग पुन्हा घेतला जातो, मध्ये ‘गं बाई’, ‘माझ्या’, ‘सांगते’ असे शब्द येतात, आणि दुसरी बाई शेवटचा तुकडा उचलते. या चालीला बायकांच्या बोलण्यात ‘गळा’ असा शब्द आहे. एकाच गळ्यावर शेकडो ओव्या बसतात आणि एकच ओवी निरनिराळ्या गळ्यांवर गाता येते. शब्द आणि स्वर यांचे नाते येथे छापील गीतापेक्षा अगदी निराळे आहे.

आता कर्तृत्वाचा प्रश्न. ओवीत ठरीव शब्दबंध पुष्कळ असतात. पंढरीची वाट, माहेरची वेस, तुळशीचे वृंदावन, भावाची गाडी या कल्पना सर्वत्र आढळतात. त्यावरून असा निष्कर्ष काढला जातो की, बाई केवळ ऐकलेले पुन्हा म्हणते. हा निष्कर्ष उतावळा आहे. शाहीर आपल्या कवनाच्या अखेरीस स्वतःचे नाव गोवतो. ओवी गाणारी स्वतःचे नाव सहसा घालत नाही, परंतु लेकाचे, भावाचे, गावाचे नाव घालते. ती नावे बदलली म्हणजे ओवीचे वजन बदलते, यमक बदलावे लागते, आणि पुष्कळदा संपूर्ण दुसरी ओळ नव्याने घडवावी लागते. ठरीव बंधांतून नवी उक्ती निर्माण करणे ही रचनाच होय. स्वतःचे नाव न सांगता आपल्या माणसांची नावे सांगणारी ही एक प्रकारची स्वाक्षरी आहे.

नवीनतेचा दुसरा पुरावा विषयांचा. लोहमार्गाची ओवी लोहमार्गाच्या आधी असू शकत नाही. दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला. आगगाडीचे वर्णन करणारी ओवी ही त्या नव्या जगाकडे पाहणाऱ्या कोणा एकीच्या डोळ्यांची साक्ष आहे. तसेच बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्यांचे. शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा या गावानजीक, नदीच्या अलीकडे पेरणे येथे असलेल्या विजयस्तंभास बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ रोजी भेट दिली. पुढे मराठवाड्यातील माजलगावसारख्या ठिकाणी दलित स्त्रियांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. विसाव्या शतकातील थोर पुरुष जिच्या ओवीत येतो, ती बाई परंपरेचा निव्वळ प्रतिध्वनी कशी असेल? जुन्या विषयांतही स्थानिक अनुभव मिसळतो. तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातून यवत, वरवंड या मुक्कामांवरून जाते. ज्या गावातून पालखी दरवर्षी डोळ्यांदेखत जाते, त्या गावची पंढरीची ओवी आणि ज्या गावाला पंढरी केवळ ऐकून ठाऊक, त्या गावची ओवी, यांची तुलना हा पदव्युत्तर प्रबंधास योग्य विषय ठरावा.

३. लेखी संग्रहांचे कार्य व त्यांची मर्यादा

मराठीत ओव्यांचा संग्रह करण्याची परंपरा मोठी आहे. साने गुरुजींचे ‘स्त्री जीवन’, कमलाबाई देशपांडे यांचे ‘अपौरुषेय वाङ्मय’, मालतीबाई दांडेकर यांचे ‘लोकसाहित्याचे लेणे’, आणि डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे केलेले प्रचंड संकलन यांच्यावाचून या विषयाचा अभ्यास करताच येणार नाही. दुर्गाबाई भागवत यांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ या ग्रंथाने त्याला शास्त्रीय बैठक दिली. या सर्वांचे ऋण मान्य करूनच पुढील मर्यादा सांगितली पाहिजे.

ओवी कागदावर उतरवताना संग्राहक स्वाभाविकपणेच पुनरुक्ती गाळतो, मधले संबोधन गाळतो, बोलीचे उच्चार थोडेफार शुद्ध करतो आणि विषयवारी लावतो. असे केल्याने वाचकाला ओवी सुबोध होते. परंतु त्याबरोबरच कोणती ओवी कोणत्या ओवीनंतर आली, कोणी सुरू केली, कोणी उचलली, कोठे थांबली, हे सर्व नाहीसे होते. सुनेने माहेराची ओवी म्हटल्यावर सासूने उत्तरादाखल काय म्हटले, हा संवाद विषयवारीत दोन वेगळ्या प्रकरणांत जाऊन पडतो. आणि बहुतेक वेळा गाणारीचे नावही जाते.

याच्या उलट उदाहरण बहिणाबाई चौधरी यांचे. खानदेशातील या निरक्षर शेतकरी स्त्रीची गाणी तिचे कवी चिरंजीव सोपानदेव यांनी जपली, आचार्य अत्रे यांनी त्यांचे मोल ओळखले, आणि १९५१ मध्ये तिच्या निधनानंतर १९५२ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. बहिणाबाई मराठीच्या कवयित्री ठरल्या. ‘पारंपरिक’ राहिल्या नाहीत. घरात लिहिता मुलगा नसता, तर त्यांच्या गाण्यांचे काय झाले असते, हा प्रश्न प्रत्येक संग्राहकाने स्वतःला विचारावा.

व्यावसायिक ध्वनिमुद्रणाने ही उणीव भरून काढली नाही. दौंड तालुक्यातील चौफुला हे पुणे-सोलापूर रस्त्यावरील ठिकाण संगीतबारीच्या कलाकेंद्रांकरिता प्रसिद्ध आहे. लावणीला रंगमंच होता, श्रोता होता, म्हणून बाजारही होता; ती तबकडीवर आणि पुढे फितीवर आली. त्याच तालुक्यातील जात्यावरच्या बाईला श्रोता नव्हता. तिचे गाणे कोणाला ऐकविण्यासाठी नव्हतेच. म्हणून ते मुद्रित होण्यासाठी बाजाराऐवजी संशोधकाची वाट पाहावी लागली.

४. पुण्यातील ध्वनिमुद्रण-प्रकल्प

ही वाट पाहणे ज्यांच्यामुळे संपले, ते म्हणजे गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर. पॉइतवाँ (१९३४–२००४) हे जन्माने फ्रेंच, पुढे भारतीय नागरिक झालेले समाजशास्त्रज्ञ. राईरकर यांच्यासह त्यांनी पुण्यात ‘सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ या संस्थेच्या द्वारे काम केले. त्यांचा आरंभ साहित्यापासून झाला नाही. मुळशी तालुक्यातील गरीब डोंगरी संघटनेच्या कामात ग्रामीण स्त्रिया आपल्या जीवनाविषयी बोलू लागल्या, आणि बोलता बोलता ओव्यांचा आधार घेऊ लागल्या. तेव्हा ओवी ही स्त्रीची स्वतःविषयीची उक्ती आहे, हे या दोघांच्या ध्यानात आले. प्रथम हाताने लिहून घेतलेल्या या ओव्यांची संख्या वाढत जाऊन एक हजारांहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. फ्रेंच संगीतशास्त्रज्ञ व संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने १९९० च्या दशकात त्यांचे संगणकीय सूचीकरण आणि ध्वनिमुद्रण झाले. मुद्रित ध्वनी सुमारे १२० तासांचा आहे.

या कामातील पद्धती विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहण्याजोगी आहे. प्रत्येक ओवीस विषयदर्शक अक्षर व अंक यांचा संकेत दिला गेला, आणि त्याच्या जोडीला गाणारीचे नाव, गाव व तालुका यांची नोंद ठेवली गेली. विषयवारीचा लाभ घेताना व्यक्तीचे नाव गमवावयाचे नाही, हा तोल येथे साधला आहे. २०१७ पासून हा संग्रह ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर क्रमाक्रमाने प्रसिद्ध होत आला असून नमिता वाईकर, जितेंद्र मैड, आशा ओगले प्रभृतींनी त्या कामाचा भार उचलला. गाणाऱ्या स्त्रियांना त्यांच्या गावी पुन्हा भेटून, त्यांची छायाचित्रे व जीवनकथा ओव्यांच्या सोबत देण्याचा उपक्रमही त्यात आहे. या संग्रहाचा मोठा भाग मुळशीकडील असला, तरी शिरूर तालुक्यातील सविंदणे यांसारखी गावेही त्यात येतात. भाताच्या आणि बाजरीच्या प्रदेशांतील ओव्यांची तुलना करण्यास येथून सुरुवात करता येईल.

५. स्कॉटलंडचा पडताळा

आपल्या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होण्यासाठी एका दूरच्या देशाचे उदाहरण उपयोगी पडेल. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांत विणलेले नवे लोकरी कापड भिजवून, फळीभोवती बसलेल्या स्त्रिया ते एका तालात आपटून घट्ट करीत. या श्रमाबरोबर गेलिक भाषेतील गीते गाइली जात : एक बाई ओळ म्हणे, बाकीच्या ध्रुपद धरीत. ध्रुपदातील अक्षरांना पुष्कळदा शब्दार्थ नसतो. परंतु गीताचा सांगाडा त्यांच्यावरच उभा असतो. गिरण्यांनी तेथेही ते काम संपविले. जॉन लॉर्न कॅम्बेल यांनी १९३० च्या दशकापासून या गीतांची मुद्रणे केली, आणि फ्रान्सिस कॉलिन्सन यांच्या साहाय्याने १९६९ ते १९८१ या काळात ती तीन खंडांत स्वरलेखनासह प्रसिद्ध केली. ध्रुपदाची निरर्थक वाटणारी अक्षरे त्यांनी गाळली नाहीत. आपल्या ‘गं बाई’चा विचार याच दृष्टीने झाला पाहिजे.

१९५१ मध्ये एडिंबरा विद्यापीठात ‘स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज’ ही संस्था स्थापन झाली. तिच्यातील हॅमिश हेंडरसन यांना १९५३ साली ॲबर्डीन येथे जीनी रॉबर्टसन ही गायिका भेटली. भटक्या जमातीतील ही स्त्री तोपर्यंत विद्वानांना अज्ञात होती. ध्वनिमुद्रणामुळे तिचे नाव स्कॉटिश गीतपरंपरेत अग्रभागी आले. या संस्थेचा, बी.बी.सी.चा व कॅम्बेल यांचा ध्वनिसंग्रह २०१० पासून ‘टोबर अन् ड्युअलखस’ या संकेतस्थळावर गायकांच्या नावांसह ऐकावयास मिळतो.

या संग्रहांचा परिणाम पुढील पिढीवर झाला. मार्टिन बेनेट यांनी २००३ च्या ‘ग्रिट’ या ध्वनिमुद्रिकेत जीनी रॉबर्टसन, शीला स्टुअर्ट आदींचे जुने आवाजच नव्या वाद्यरचनेत गुंफले. कॅरिन पोलवर्ट या आजच्या गायिका-गीतकार स्त्रीच्या ‘फॉल्टलाइन्स’ (२००४) मध्ये तिची स्वतःची गीते आहेत, तर ‘फेअरेस्ट फ्लुअर’ (२००७) मध्ये मुख्यतः परंपरेने आलेली. कोणते गीत स्वतःचे व कोणते परंपरेचे, हे तेथे वेगळे सांगता येते, कारण रचनाकार आणि परंपरा या दोन स्वतंत्र नोंदी तेथे रूढ आहेत. ओवी या दोन नोंदींच्या मध्ये येते. तिचे बंध परंपरेचे, उक्ती बाईची. म्हणून तिच्यासाठी तिसरी नोंद करावी लागते : ‘परंपरेच्या आधारे अमुक स्त्रीने रचली व गाइली.’

६. मुद्रण कसे ऐकावे, कसे करावे

आज हाती येणारे ओवीचे मुद्रण बहुतेक वेळा पुनःप्रसंगाचे असते. बाईने जाते सोडून वर्षे लोटलेली असतात. संशोधकाच्या विनंतीवरून ती पुन्हा खुंटा धरते, किंवा जात्यावाचूनच गाते. याने मुद्रण खोटे ठरत नाही, परंतु ते काय आहे हे लिहून ठेवले पाहिजे. लक्षपूर्वक ऐकल्यास पुष्कळ कळते. रिकामे जाते दगडावर दगड घासल्याचा कर्कश आवाज करते. वैरण पडली की तो आवाज दबतो व जड होतो. वैरण घालण्यासाठी हात खुंट्यावरून सुटतो, त्या क्षणी ओळ कोठे असते? श्वास कोठे घेतला जातो? फेरा आणि ओळ यांचा मेळ बसतो की गीत फेऱ्यावरून मोकळे वाहते? जात्याचा घरघराट हा नको असलेला गोंगाट समजून नव्या यंत्रांनी पुसून टाकणारा अभ्यासक या प्रश्नांची उत्तरेच पुसून टाकतो.

क्षेत्रकार्यासाठी पुढील गोष्टी किमान समजाव्यात. मूळ मुद्रण कधीही कापू नये. निवड करावयाची ती प्रतीवर. दोन गायिका असल्यास कोणती ओळ कोणाची, हे त्याच दिवशी लिहावे. प्रत्येक गाणारीचे नाव, माहेर व सासर, ओवी कोणाकडून ऐकली आणि कोणती आपण ‘जोडली’, हे तिच्याच शब्दांत नोंदवावे. माहेरची नोंद विशेष महत्त्वाची. कारण लग्नाने बाई भीमेच्या एका काठाहून दुसऱ्या काठी जाते आणि तिच्याबरोबर गळाही जातो. शिरूरचा गळा दौंडमध्ये आढळला, तर त्याचे कारण तालुक्याच्या नकाशात नाही, सोयरिकीत सापडेल.

जपणुकीचा विचारही आरंभीच व्हावा. ज्या डिजिटल फितींवर १९९० च्या दशकात अनेक मुद्रणे झाली, त्या वाजविणारी यंत्रे बनविणे सोनी कंपनीने २००५ च्या सुमारास थांबविले. यंत्र नाहीसे झाले की सुस्थितीतील फीतही मुकी होते. म्हणून एक प्रत विभागात, एक प्रत प्रस्थापित ध्वनिसंग्रहालयात आणि एक गाणारीच्या घरी, अशी व्यवस्था असावी. १९८२ मध्ये पुण्यात आरंभ झालेले व पुढे दिल्लीजवळ गुरुग्राम येथे गेलेले ‘आर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’ अशा ठेवींसाठीच आहे.

शेवटची गोष्ट संमतीची. ओवीत सासुरवासाची, नवऱ्याच्या वागणुकीची, दारिद्र्याची खासगी दुःखे असतात. अंधारात, घर निजले असताना म्हटलेली ही उक्ती जगभर ऐकू जाणार आहे, हे गाणारीला आधी समजावून सांगितले पाहिजे. नाव द्यावे की न द्यावे, हा निर्णय तिचा. तिने द्यावे म्हटल्यास ते पूर्ण द्यावे; नको म्हटल्यास तेही पाळावे, परंतु मग ‘नाव राखून ठेवले’ असे लिहावे, ‘पारंपरिक’ असे नव्हे.

७. समारोप

शिरूर व दौंड तालुक्यांत ज्यांनी रोज हाताने दळले, त्या स्त्रिया आज उतारवयात आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकीजवळ शेकडो ओव्या असू शकतात, आणि त्यांतील किती तिच्या स्वतःच्या, हे तिच्यावाचून कोणी सांगू शकत नाही. शब्द इतरांच्या स्मरणात काही काळ राहतील. कोणती ओवी कोणाची, हे मात्र त्या स्त्रियांबरोबरच जाईल. ग्रंथालयात बसून नंतर करता येईल असे हे काम नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने येत्या सुटीत आपल्या आजीच्या किंवा शेजारच्या वृद्धेच्या चार ओव्या जरी नाव, माहेर व गळा यांसह मुद्रित करून विभागाच्या संग्रहात दिल्या, तरी या दोन तालुक्यांची ओवी पुढील अभ्यासकाला तिच्या कर्तीसह भेटेल.